सांगलीहून कोकण रेल्वे : आईला गाडीत बसून समुद्र बघायचाय, चौघांचं बारा हजारांत बसेल का?

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

नमस्कार मंडळी. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. फेब्रुवारी ते मे हळदीची आवक असते तेव्हा पट्ट्या लिहिता लिहिता जेवायचं भान राहत नाही. त्यामुळे आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे काय हे पोराला माहीत नाही. यंदा मालकांनी दिवाळीनंतर चार दिवस सोडायचं कबूल केलंय. चारच. पाचव्या दिवशी सकाळी गादीवर बसलेलं पाहिजे.

जाणारे चौघं : मी, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आई. सहल खरी आईसाठी आहे. ती मूळची जत तालुक्यातली. तिनं जन्मात बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे २०१९ चा कृष्णेचा पूर, तो पण आयर्विन पुलाच्या अलीकडं लांब उभं राहून. त्यानंतर कित्येक दिवस "पाणी बगायचं नाव काडू नगा" म्हणायची. पण तिच्या भिशीतल्या बायका गोव्याला जाऊन आल्या आणि आता हिचं एकच चाललंय : "मला रेल्वेत बसून समिंदर बगायचाय. खाली उतरायचं न्हाई, वाळूत चालायचं न्हाई, गुडघं दुकत्यात. खिडकीतनं दिसला पायजे."

म्हणलं, कोकण रेल्वे आहे की. एका एजंटाकडं गेलो. त्यानं मुंबईला जाऊन तिथनं काचेच्या छताच्या डब्यात बसायचं एकोणीस हजारांचं पॅकेज काढून दिलं. सांगलीहून मुंबईला उलटं जायचं आणि मग गोव्याला यायचं, म्हणजे मिरजेला जायला कोल्हापूरवरून गेल्यासारखं. मोबाइलवर एका अ‍ॅपमध्ये बघितलं तर तिकीट एक, त्यावर विमा, सेवा आकार, आणखी कसला तरी आकार, शेवटी भलताच आकडा.

माझ्याकडं बारा हजार आहेत. जाणं, येणं, राहणं, खाणं सगळं धरून. जेवण साधं चालेल, आईचं तर भाकरी-चटणीवर भागतं. मला एवढंच कळलं पाहिजे की गाडीत कुठनं बसायचं, समुद्र कुठल्या बाजूला दिसतो, कुठल्या वर्गाचं तिकीट काढलं तर पैसे वाया जात नाहीत आणि आईच्या वयाची काही सवलत मिळते का. ज्यांनी खरोखर प्रवास केलाय त्यांनीच सांगा ही विनंती. यूट्यूब बघून माझं डोकं फिरलंय.

माहुली_फाटा (सातारा)

दिवाणजी, आधी वाईट बातमी देतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही.

मी ही लाइन सात-आठ वेळा केली आहे, वर आणि खाली. खाड्या दिसतात, नद्या दिसतात, भातखाचरं, बोगदे, माडाच्या बागा, सगळं दिसतं. लाटा येऊन आपटतायत असा समुद्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठंही खिडकीला लागत नाही. त्याचं कारण साधं आहे. किनाऱ्याला दर काही मैलांवर खाडी घुसलेली. किनाऱ्याकाठानं रूळ टाकायचे तर प्रत्येक नदी तिच्या सगळ्यात रुंद तोंडाशी ओलांडावी लागली असती. म्हणून रूळ आत, सह्याद्रीच्या पायथ्याच्या अंगानं नेले. आत नेले म्हणून डोंगर आडवे आले आणि डोंगर आडवे आले म्हणून नव्वदच्या वर बोगदे झाले. स्टेशनांची नावं बघा : संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. 'रोड' लागलं की समजायचं गाव तिथं नाही, गावाला जायचा रस्ता आहे. रत्नागिरी स्टेशनसुद्धा कुवारबावला, गावापासून पाच-सहा किलोमीटर आत.

खरंच डब्यातून समुद्र पाहिजे असेल तर मंगळूरच्या खाली केरळात जावं लागेल. कासरगोडच्या पुढं बेकल, कोट्टिकुलमच्या पट्ट्यात रूळ किनाऱ्याच्या अगदी जवळून जातात. पुण्याहून सातारा, मिरज, लोंढा, मडगाव, मंगळूर करत एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस आहे, आठवड्यातून एकदा. पण चार दिवसांत शहात्तर वर्षांच्या बाईला तिकडं नेऊन आणणं म्हणजे सहल नव्हे, शिक्षा.

आता चांगली बातमी. तुमच्या दारावरून गोवा एक्सप्रेस जाते, हजरत निजामुद्दीन ते वास्को. आमच्या साताऱ्याला संध्याकाळनंतर येते, मिरजेला रात्री उशिरा आणि पहाटे मडगाव. जाताना तिचा काही उपयोग नाही, सगळा घाट अंधारात जातो. पण परतीला तीच गाडी वास्कोहून दुपारी सुटते आणि कुळे ते कॅसलरॉक हा घाट उजेडात चढते. १:३७ चा चढ आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कुळ्याला मागून जादा इंजिनं लावतात. दूधसागर खिडकीसमोर येतो, तीनशे मीटरच्या वरचा. दिवाळीनंतर पाणी बऱ्यापैकी असतं. तेव्हा येताना गोवा एक्सप्रेसच घ्या आणि जाताना एसटीनं कोकणात उतरून रेल्वे पकडा. मुंबई कशाला मध्ये आणता?

एक सावध सूचना, स्वतःच्या अनुभवावरून. ही परतीची गाडी साताऱ्याला मध्यरात्रीनंतर येते. मी मेव्हण्याला सांगून ठेवलं होतं, "रविवारी रात्री दीडला स्टेशनवर ये." तो बिचारा शनिवारची रात्र सरून रविवार लागल्यावर दीड वाजता माहुलीच्या स्टेशनवर हजर. मी तेव्हा कोलव्याला झोपलेलो. आम्ही पोचलो त्या रात्री अर्थातच तो आला नाही आणि फोनही उचलला नाही. रात्री बाराच्या पुढची कुठलीही वेळ असली की तारीख दोनदा वाचा.

कुंभार्लीची_लेक (कऱ्हाड)

वरच्या दादांचं समुद्राबद्दलचं बरोबर आहे, पण ते असं सांगतायत जणू बघण्यासारखं काही उरलंच नाही! माझं माहेर चिपळूण, सासर कऱ्हाड. वर्षातून चार वेळा कुंभार्ली घाट चढते-उतरते.

दिवाणजी, रत्नागिरीपासून बसू नका, चिपळूणपासून बसा. सांगलीहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत चिपळूणची एसटी. चिपळूण ते रत्नागिरी हाच या लाइनीचा गाभा आहे. सावर्डे, आरवली, संगमेश्वर, मग उक्षी. उक्षी स्टेशनच्या जवळच रानपाटचा धबधबा आहे, पावसाळ्यात त्याचा आवाज डब्यात येतो. उक्षी सुटली की करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, या लाइनीवरचा सगळ्यात लांब. आत गेल्यावर लहान पोरं ओरडतात, मग दमतात, मग गप्प होतात आणि तरी बोगदा चालूच असतो. तुमच्या मुलाला हा बोगदा चुकवलात तर तो मोठेपणी तुम्हाला विचारेल.

गाडी म्हणाल तर दिवा–सावंतवाडी. मुंबईकडून सकाळी निघते, दुपारच्या सुमारास चिपळूणला येते. आरक्षणाची कटकट नाही, खिडकीतून तिकीट काढायचं आणि बसायचं. बारक्या स्टेशनांवरही थांबते. काकड्या, उकडलेल्या शेंगा, सीझन असेल तर करवंदं-जांभळं डब्यात येतात. मांडवी एक्सप्रेसही त्याच वेळच्या आसपास असते, तिचं खाणं प्रसिद्ध आहे, पण बारा हजारांत चौघं असाल तर डबा घरचाच घ्या.

राहता राहिला घाट. कुंभार्ली वळणाची आहे. आईंना गाडी लागत असेल तर कऱ्हाडच्या स्टँडवर आलेपाक घेऊन ठेवा. आणि हो, कुणी सांगेल की थांबा, कऱ्हाड–चिपळूण रेल्वे होणार आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून होणार आहे. तिच्या भरवशावर राहिलात तर तुम्हाला तुमचा नातू घेऊन जाईल.

खिडकी_नंबर_तीन (मिरज)

मी रेल्वेत आरक्षण खिडकीवर बरीच वर्षं काढून निवृत्त झालो. मार्गाचं वरच्या दोघांनी सांगितलंच आहे, मी पैशांचं सांगतो. थोडं लांबेल.

पहिलं आईंचं. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती परत सुरू झालेली नाही. वय टाकून पूर्ण भाडंच पडेल. उलट एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. म्हणजे सांगली ते कोकण या टप्प्यात आईंचं शून्य, सौभाग्यवतींचं अर्धं, मुलाचं अर्धं. पूर्ण तिकीट काढणारे तुम्ही एकटे. आईंचं आधार कार्ड हाताशी ठेवा, गाठोड्याच्या तळाशी नको. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. त्यामुळे या घरासाठी हिशेब स्पष्ट आहे : महाराष्ट्रात जमेल तितकं एसटीनं आणि जिथं बघायचंय तिथंच रेल्वेनं.

दुसरं वर्गाचं. लोक समजतात की अंतर कमी तर भाडं कमी. तसं नसतं. स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं भाडं लागतं, एसी थ्री टियरला किमान ३०० किलोमीटरचं. तुम्ही पन्नास किलोमीटर जा नाहीतर दोनशे, स्लीपरचं भाडं तेच. त्यात कोकण रेल्वेच्या हद्दीत प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर धरून भाडं काढतात, त्यामुळे तेवढ्याच किलोमीटरला पुणे–मिरज मार्गापेक्षा तिकडं जास्त पडतं. खिडकीवर यावरून रोज वाद व्हायचे, लोकांना वाटायचं मीच जास्त लावतोय. तेव्हा दिवसाच्या छोट्या टप्प्याला एसी थ्री टियर म्हणजे पैसे ओतणं. बसून जायचंय तर जनशताब्दीचा सेकंड सिटिंग बघा. आरक्षित जागा, उघडी खिडकी आणि भाडं सगळ्यात हलकं. एसीच्या काचेआडून कोकण बघणं म्हणजे हापूस आंब्याचा फोटो चाटणं.

तिसरं मुलाचं. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला स्लीपरमध्ये स्वतंत्र बर्थ नको म्हटलं तर अर्धं भाडं, बर्थ मागितला तर पूर्ण. पण सेकंड सिटिंगमध्ये हा पर्याय नसतो, तिथं त्याला जागा मिळते आणि पूर्ण भाडं लागतं. म्हणून जनशताब्दीला चार पूर्ण तिकिटं आणि परतीच्या गोवा एक्सप्रेसला स्लीपरची तीन पूर्ण, एक अर्धं. परतीचा प्रवास दुपार ते रात्र असाच आहे, पोरगं आईच्या मांडीवर मावेल.

चौथं, खालचा बर्थ. पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ पासून खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तिकिटावर अशा एक किंवा दोनच व्यक्ती असल्या तर. चौघांच्या एका तिकिटावर तो लागू होत नाही. वेगळं काढलं तर डबा वेगळा येण्याची शक्यता. तुमच्या परतीला त्याची गरज नाही असं माझं मत. मधला बर्थ झोपायला उघडायची वेळ रात्री दहापासून, तोवर सगळे खालीच बसतात, आणि दहानंतर थोड्या वेळात तुम्ही उतरणारच.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गोव्याकडं गर्दी असतेच, तेव्हा त्या दिवशी आठला तयार राहा. खिडकीवर काढलं तर ऑनलाइनचा सुविधा आकार वाचतो. सेकंड सिटिंगला आरक्षण शुल्क १५ रुपये, स्लीपरला २०. जनशताब्दी आणि गोवा एक्सप्रेस दोन्ही सुपरफास्ट आहेत म्हणून सेकंड सिटिंगला १५ आणि स्लीपरला ३० रुपये अधिभार. एवढंच. याच्यावर कुणी 'कसला तरी आकार' मागत असेल तर तो रेल्वेचा नाही.

जाता जाता, इतरांसाठी. मिरज–लोंढा–मडगाव–पनवेल–पुणे–मिरज असा पूर्ण फेरा रेल्वेनंच करणार असाल तर सर्क्युलर जर्नी तिकीट मिळतं. एकाच स्टेशनातून निघून तिथंच परत, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरायची मुभा, आणि लांब अंतराचा दर लागत असल्यानं सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. ते ऑनलाइन मिळत नाही, अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण नंतर वेगळं. आठवडाभर मोकळा असलेल्यानं जरूर करावं. चार दिवसवाल्यानं त्या भानगडीत पडू नये.

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

सगळ्यांचे आभार. आईला समुद्र दिसत नाही हे सांगितलं. ती म्हणली, "मग रेल्वे कशाला काडली तिकडं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, माहुली_फाटा यांचं वाचून दाखवलं. खाडीचं तिला पटलं नाही.

असं ठरवतोय. पहिला दिवस सांगली–कोल्हापूर–आंबा घाट–रत्नागिरी एसटीनं, संध्याकाळी रिक्षानं भाट्याचा किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी जनशताब्दीनं मडगाव. तिसऱ्या दिवशी दुपारच्या मंगळूर पॅसेंजरनं कारवार, चौथ्या दिवशी कारवारहून परत मडगाव आणि गोवा एक्सप्रेस. ताई, माफ करा, चिपळूणचं मनात होतं. पण तिथनं निघून त्याच दिवशी मडगाव गाठायचं तर दुपारची गाडी, पोचायला रात्र, आणि अंधारात खोली शोधायला आई नको म्हणती. करबुड्याचा बोगदा पोराला उधार राहिला.

कारवारला जाऊन उपयोग आहे का, तेवढं सांगा.

माहुली_फाटा (सातारा)

आहे. मडगावच्या खाली गर्दी विरळ होते आणि खिडकी मिळते. काणकोणच्या पुढं डोंगर, बोगदे आणि मग काळी नदीचा पूल. कारवारचं स्टेशनही गावाबाहेरच, पण गावातला रवींद्रनाथ टागोर किनारा रस्त्याला लागून आहे. आईंना वाळूत न उतरवता रिक्षातून समुद्र दाखवता येईल. अजून दोन तास असते तर होन्नावरला जा म्हणालो असतो, शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरचा आहे. चौथ्या दिवशी कारवारहून निघायला उशीर करू नका. पॅसेंजर रखडतेय असं वाटलं तर सरळ बस पकडून मडगाव गाठा, गोवा एक्सप्रेस तुमच्यासाठी थांबायची नाही. बसायची बाजू : गोव्याकडं जाताना समुद्र उजव्या हाताला, सह्याद्री डाव्या. खाड्या दोन्हीकडं.

कुंभार्लीची_लेक (कऱ्हाड)

बोगदा उधार ठेवलात, व्याज लागेल. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीचा पूल येईल, तिथं झोपू नका. चौसष्ट मीटर उंच आहे, खाली बघितलं तर झाडं कोथिंबिरीसारखी दिसतात.

हळदीचा_दिवाणजी (सांगली)

जाऊन आलो. परवाच गादीवर बसलो, आता जरा उसंत मिळाली म्हणून लिहितोय.

आंबा घाटात आईला काही झालं नाही, मलाच गाडी लागली. आलेपाक तिच्यासाठी घेतलेला, मीच संपवला. कंडक्टरनं आईचं आधार बघून शून्याचं तिकीट फाडलं ते तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. रत्नागिरीत भाट्याला रिक्षावाला पुलावरून पलीकडं घेऊन गेला आणि सुरूच्या झाडांपाशी थांबला. उतरायचं नाही म्हणणारी बाई उतरली. चपला हातात घेऊन पाण्यापर्यंत गेली आणि पाणी पायाखालची वाळू ओढून न्यायला लागलं तसं सुनेचा दंड धरून म्हणली, "ह्ये मला वडतंय की गं." पाच मिनिटं. मग "चला, झालं बगून."

जनशताब्दीत चार जागा मिळाल्या, पण खिडकी एकच, ती पण डाव्या बाजूला. उजव्या खिडकीला कुडाळला उतरणारे एक काका होते. आईनं पिशवीतला सांगलीचा भडंग काढून त्यांच्या हातावर ठेवला. पानवलचा पूल येईस्तोवर काका डावीकडं आणि आई उजवीकडं बसलेली. पुलावर पोरगं किंचाळलं. मी खाली बघितलं नाही, खरं सांगतो. पोरानं बोगदे मोजायला तळहातावर पेनानं रेघा ओढायला सुरुवात केली, कणकवलीपर्यंत दोन्ही हात भरले, मग मनगटाला लागला, मग झोपला.

आई प्रत्येक पाण्याला विचारत होती, "ह्यो समिंदर का?" मी म्हणायचो, नाही, नदी. पुढं परत, "ह्यो?" नाही, खाडी. असं सावंतवाडीपर्यंत चाललं. गोव्यात मांडवी गेली, ती पण नदी. मग झुआरी आली. पूल संपेना, खाली बार्जेस उभ्या, पलीकडचा काठ धुरकट. आईनं माझ्याकडं बघितलं नाही, विचारलंही नाही. खिडकीचा गज धरून नुसतीच बसली, आणि वेर्णा आल्यावर बायकोला म्हणली, "दिसला बग. ह्यो म्हणत हुता दिसत न्हाई." माझ्या तोंडावर आलं होतं की ही पण नदीच. बायकोनं पायावर पाय दिला.

कारवारचं माहुली_फाटा यांनी सांगितलं तसंच झालं, जाताना डबा निम्मा रिकामा. येताना पॅसेंजरनं वेळेत पोचलो, बसची गरज पडली नाही.

गोवा एक्सप्रेसमध्ये स्लीपरला साडेतीन तिकिटं काढली, खिडकी_नंबर_तीन यांचे त्याबद्दल खास आभार. कुळ्याला मागं इंजिनं लागली तेव्हा डब्याला जो धक्का बसला त्यानं पोराचा चहा माझ्या शर्टावर. दूधसागर आला तसा सगळा डबा एका बाजूला. लोक दारात लोंबकळून मोबाइल धरत होते, ते मला काही बरं वाटलं नाही. आई जागेवरूनच बघत होती. एवढा धबधबा, तुषार खिडकीतनं आत येतायत, आणि ही म्हणती, "म्हैसाळचं पाणी सुटल्यागत दिसतंय." म्हैसाळ योजनेच्या पाण्याची वाट बघणाऱ्या दुष्काळी जतच्या माणसाकडनं याच्यापेक्षा मोठी शाबासकी कुठल्या धबधब्याला मिळायची नाही.

खर्च सगळा धरून ११ हजार ७४० झाला. त्यात माझा एक शर्ट धरलेला नाही. सगळ्यात जास्त पैसे मडगावच्या खोलीला गेले. पुढं कुणी जाणार असेल तर तिथं दिवाळीनंतर आधी फोन करूनच जा, आम्ही स्टेशनबाहेर उन्हात दीड तास फिरलो आणि मिळेल ती महागाची घेतली. चूक माझीच.

रात्री मिरजेला उतरलो. रिक्षात आईनं पदराची गाठ सोडून एसटीचं ते शून्याचं तिकीट काढलं आणि मला विचारलं, रेल्वेत माझे किती पडले. मी सांगितलं.

"मग येताना बी यष्टीनंच आणायचं न्हाई का?"